रणधीर महाराजांचं अंडं

याही खेपेला अंड्यांतून काही निघालं नाही, आणि कुसुंबी संस्थानचे राजे येसाजीराव यांनी पाखरांची निगा राखणाऱ्या भिकाजीला कोठडीत टाकलं!

पाखरं साधीसुधी नव्हती. आगबोटीनं साता समुद्रांपलीकडून आलेली, कॉकाटील जातीची. पोपटाचीच भावंडं, डोक्यावर तुरा, गालावर शेंदरी टिकली. करडी होती, कबरी होती, दालचिनी रंगाचीही होती. पण राजांचा जीव जडला होता दोन पांढऱ्याशुभ्र पाखरांवर. करड्यांतला नर आंधळ्यालाही ओळखू यावा, त्याचं तोंड पिवळंधमक होतं. पांढऱ्यांत मात्र नर आणि मादी दिसायला सारखीच. तेव्हा राजांनी स्वतःच निवाडा केला. जो चावतो तो नर! त्याचं नाव रणधीर ठेवलं, दुसरीचं चंद्रिका. अक्षता टाकून दोघांचं लग्नही लावलं.

भिकाजीचा गुन्हा एवढाच, की तो खरं बोलला. "सरकार, नर असता तर दिवसभर शीळ घालत बायकोपुढं मिरवला असता. ही दोघंही मुकी. दोन्ही माद्याच आहेत, म्हणून अंडी ढीगभर अन् पिल्लू एक नाही."

"आमच्या रणधीरला बाई म्हणतोस?" राजे कडाडले. "दिवाणजी, तुम्ही सांगा!"

"छे छे! काय ती छाती, सरकार!" दिवाणजी म्हणाले.

"चाल तर अस्सल क्षत्रियाची!" राजवैद्यांनी री ओढली.

झालं! भिकाजी कोठडीत गेला आणि त्याची बायको हौसा दरबारात आली.

"ऐक," राजे म्हणाले, "याच जोडीचं पिल्लू आम्हाला हवं. नाही झालं, तर नवरा-बायको दोघं संस्थानाबाहेर! आणि रणधीरला जो कोणी मादी म्हणेल, तो भिकाजीच्या शेजारी जाऊन बसेल. तुझ्या नवऱ्याची चूक कळतेय ना तुला?"

"कळतेय, सरकार. एवढी शहाणी माणसं गप्प बसली होती, तिथं त्यानं तोंड उघडलं."

दिवाणजींनी डोळे वटारले. हौसानं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. या होयबांना सगळं ठाऊक होतं, हे तिला ठाऊक होतं. माना डोलावून पोट भरणारी माणसं! यांच्यापेक्षा पाखरू बरं. ते निदान चावतं तरी.

"पिल्लाचं बघते मी," ती म्हणाली. "पण रणधीर महाराज बायकांच्या घोळक्यात राहून नरमलेत. त्यांना मर्दांच्या संगतीत ठेवा. इथंच, दरबारात, सिंहासनाशेजारी. आरामाला पिंजऱ्यात एक मडकं टांगा. कुलूप आपलं, किल्ली आपली, दाणाही आपल्याच हातचा. मी जवळ फिरकायची नाही."

राजांना ही गोष्ट भलतीच पसंत पडली. रणधीर दरबारात विराजमान झाला. राजे स्वतः त्याला राळे आणि कोवळं कणीस भरवू लागले.

थोड्याच दिवसांत रणधीर मडक्यात शिरला तो बाहेर येईना. कोणी जवळ गेलं की आतून सापासारखा फुत्कार.

"तप करताहेत!" राजवैद्य म्हणाले.

"राज्यकारभाराचं चिंतन, सरकार!" दिवाणजींनी पुस्ती जोडली.

राजांनी कौतुकानं कुलूप काढलं, मडक्यात डोकावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. आत पांढरंशुभ्र अंडं होतं!



"हे काय आहे?" राजांनी विचारलं.

"मोती असावा..." दिवाणजी पुटपुटले.

"तपाचं फळ!" राजवैद्यांनी हात जोडले.

"हौसाला बोलवा!"

हौसा आली ती हातात डबा घेऊन. राजांनी कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. "किल्ली आमच्या कमरेला. मग हे आलं कुठून?"

"मला कसं सांगता येईल, सरकार? बोलले तर कोठडी."

"अभय आहे. बोल!"

"रणधीर महाराज बाळंत झाले, सरकार! मी डिंकाचे लाडू आणलेत."

दरबारात कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. राजे लाल झाले. "म्हणजे तूही त्याला मादीच म्हणतेस!"

"मुळीच नाही!" हौसानं कानाला हात लावले. "ते म्हणणारा आत बसलाय. मी म्हणते, रणधीर महाराज पुरुषच. दिवाणजी सांगतात, वैद्यबुवा सांगतात, मग खोटं कसं असेल? आपल्या संस्थानात पुरुषही अंडी घालतात, एवढंच! तर मग या दोघांसाठीही दोन मोठे रांजण टांगा, सरकार. हेही पुरुषच आहेत. यांचं अंडं कधी येतं ते बघू!"

राजांनी दिवाणजींकडं पाहिलं. मग राजवैद्यांच्या अवाढव्य पोटाकडं पाहिलं. रांजणात बसलेले राजवैद्य त्यांच्या डोळ्यांपुढं आले, आणि राजे जे हसत सुटले, ते फेटा सुटला तरी थांबेनात!

"भिकाजीला सोडा!" डोळे पुसत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात ठेवलं. "हरलो, बाई! पण आमच्या पिल्लाचं काय?"

"मुदपाकखान्याच्या खिडकीत एक करडा पहाटेपासून शीळ घालतोय. त्याला चंद्रिकेच्या पिंजऱ्यात सोडा."

"करडा? आमच्या चंद्रिकेला राखेत लोळलेला नवरा?"

"पिल्लंही करडीच निघतील, सरकार. पण निघतील तरी!"

राजे पुन्हा खो खो हसले. "सोडा त्याला आत! आणि दिवाणजी, वरातीत नवरदेवावर छत्री तुम्हीच धरा!"