आंबवणाचा डबा

फार वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या बर्फाळ दरीत, सोनं शोधणाऱ्यांची पंधरा झोपड्यांची वस्ती होती. तिथल्या म्हाताऱ्या याकोबकडे पावाचं पीठ फुगवणारं जिवंत आंबवण ठेवायचा एक डबा होता. आंबवण गोठू नये म्हणून याकोब हिवाळाभर डबा पांघरुणात घेऊन झोपे, आणि जो शेजारी मागेल त्याला त्यातलं पळीभर देई.

नदी गोठल्यामुळे याकोबची सोन्याची वाळू धुवायची परात खुंटीला टांगलेली होती. ती डब्याला म्हणे, "असा वाटत सुटलास तर एक दिवस तळ दिसेल, बाबा."

ऐन थंडीत याकोब तापाने फणफणला. डबा पांघरुणाबाहेर राहिला, शेगडी विझली आणि आंबवण गोठून मेलं.

"सांगत होते ना," परात म्हणाली.

सकाळी याकोबच्या धुराड्यातून धूर दिसेना, तेव्हा बर्फ तुडवत सारी वस्ती आली. कुणी शेगडी पेटवली, कुणी डबा घासला, आणि प्रत्येक घराने त्यात पळीभर आंबवण ओतलं. "तुमचंच आहे, काका," ते म्हणाले.

ऊब लागताच डबा फसफसून उतू जाऊ लागला. कुणीतरी घाईने परात काढून त्याच्याखाली सरकवली. बघता बघता तीही भरली.

"आता सांग," डबा तिला म्हणाला, "तळ दिसतोय का?"