चरकाचे तीन रूळ

दादाने बजावलंय, हे कोणाला सांगायचं नाही. तरी लिहिते.

“...पण आप्पा, यात चूक निघणारच कशी?” दादा विचारत होता.

अभिराजदादा माझा आतेभाऊ, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आप्पा आमचे आजोबा. कराडला ते उसाच्या रसाचे चरक बनवतात. दादाच्या प्रोग्रॅमने चरकाच्या सुट्या भागांची मापं घेतली, ते जोडायचे शेकडो क्रम तपासले, आणि कुठलाच भाग दुसऱ्याला अडणार नाही असा एक क्रम काढला. उद्या परीक्षकांसमोर त्याच क्रमाने त्याला एकट्याने चरक जोडून दाखवायचा होता. नाही जमलं तर वर्ष वाया.

आप्पांनी पडद्यावर सगळं पाहिलं. एकेक भाग अलगद येऊन जागेवर बसत होता.

“झकास,” ते म्हणाले. “आता इथे कर.”

मग मला हळूच म्हणाले, “खाली गोणपाट टाक गं. दुहेरी.”

दादाने एक लोखंडी प्लेट उभी केली. तिच्या तीन भोकांत तीन रूळ अडकवले. आता समोरून दुसरी प्लेट सरकवायची. तिला दोन्ही हात लागले, आणि रूळ...

धप्प.

पुन्हा केलं. पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा त्याने गुडघाही लावून पाहिला.

“आता दात लाव,” आप्पा म्हणाले.

दादा हसला नाही. “प्रोग्रॅममध्ये पडत नाहीत हो.”

“तिथे कोण धरतं?”

“कोणीच नाही. तिथे वजनच...”

तो थांबला. खालच्या गोणपाटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

“पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं!”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मापं फार नेमकी घेतलीस रे. बघत बसलो.”

आप्पांनी प्लेट दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवली. तिच्या भोकांत तिन्ही रूळ उभे केले. एकही हलला नाही. वरून दुसरी प्लेट सोडली. बसली.

कोणी काही धरलं नव्हतं.

दादाने वरची प्लेट हलवून पाहिली.

“आप्पा, उद्या तीन-तीन परीक्षक असतील. मोठी माणसं. त्यांच्यासमोर उभा राहून सुरुवात कुठून करू?”

“आधी खाली बस.”