सर्जेरावाचा वरचा घास

आंबेगिरीच्या महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला, सर्जेरावाला, चक्क सरदारकी दिली होती. मग काय, महाराजांची मर्जी राखायला जो तो त्याला पेढे भरवी. दिवाण त्र्यंबकराव सगळ्यांत पुढे. शेवटी सर्जेरावाला उठवेना, तेव्हा वैद्य सगुणाबाईंना बोलावणं गेलं.

"झाडपाल्यानं कुत्रं बारीक होतं होय?" दिवाणजी हसले. "महिन्यात गुण आला नाही, तर बाई, गाव सोडायचं!"

सगुणाबाईंनी त्यांच्या हातातला पेढा पाहिला आणि काडेचिराइताच्या कडूजहर चूर्णाचा डबा पुढे ठेवला. "सरकार, जेवण रोजचंच द्या. वरच्या घासाला मात्र हे लावायचं. आणि सरदाराचा घास, तेव्हा दरबारच्या रिवाजाप्रमाणे भरवणाऱ्यानं आधी स्वतः चाखायचा."

दिवाणजींनी चाखला आणि दिवसभर चुळा भरल्या. दुसऱ्या दिवसापासून कुणी पेढा आणलाच नाही.

महिन्यानं सर्जेराव धावत जिना चढला. महाराज हरखले, दिवाणजी उसळले. "फसवणूक आहे, सरकार! डबा भरलेलाच आहे. कुत्र्यानं चूर्णाला तोंडसुद्धा लावलेलं नाही!"

"खरंय," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही एकदा खाल्लंत, दिवाणजी. तेवढ्यानंच त्याला गुण आला."