सटवाजीचा भाता

खडकवहाळ गावी आवजीनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. मठासमोरच सटवाजी लोहाराची भट्टी होती. सटवाजीचा सारा जीव महाराजांवर! भाता ओढतानाही त्याच्या ओठी नाम असे.

खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी गावात हत्यारांची पूजा होई, म्हणून आधी सगळे धार लावायला सटवाजीकडे येत. पाटलांचे भाऊ येसाजीराव गाडीभर भाले घेऊन आले. बांधाच्या भांडणावरून त्यांना दसऱ्याला ओढ्यापलीकडच्या गावावर चालून जायचे होते.

सटवाजीने हात जोडले. "मालक, कोयता आणा, खुरपं आणा. हे भाले मानसांत घुसायचे. त्यास्नी माझ्या हातनं धार लागायची न्हाई."

"बघा रे, लोहाराच्या घरात कीर्तनकार निपजलाय!" येसाजीराव खदखदा हसले आणि त्यांनी भात्याचे कातडे टराटरा फाडले. "आता दगडावर घासून धार लाव. उद्या येतो. धार नसली तर पाठ सोलून काढीन."

सटवाजी मठात जाऊन ढसाढसा रडला. "महाराज, सांडशीत लाल लोखंड होतं. वाटलं, हाणावं तोंडावर!"

महाराज म्हणाले, "हाणलं नाहीस, तिथंच जिंकलास. आता पळू नकोस, लपू नकोस, आणि त्याचं वाईटही चिंतू नकोस. तो चुकलाय, वैरी नव्हे. मार माझ्यावर सोपव."

दुसऱ्या दिवशी सटवाजी भट्टीपुढे जाऊन बसला. येसाजीराव आले, भाल्यांना धार नाही हे पाहिले आणि त्यांचा आसूड कडाडला. काय नवल सांगावे! फटके पाठीवर पडत होते, पण अंगाला झुळूक लागावी तसे वाटत होते. एक वळ उठेना. येसाजीराव घामाघूम झाले, धापा टाकू लागले. सटवाजीला त्यांची खरोखर कीव आली.

"मालक, दमलात. पानी देऊ का?"

येसाजीरावांचा हात वरच्या वर थबकला. तेवढ्यात मठातून रडारड ऐकू आली. ते धावत गेले आणि दारातच खिळले. महाराज पालथे पडले होते. पाठीवर आसुडाचे ताजे वळ होते, त्यांतून रक्त वाहत होते.

महाराजांनी मान वळवली. "सटवाजी पाणी देत होता ना? जा, आधी पिऊन ये बाळ."

येसाजीरावांना हुंदका आवरेना. त्यांनी महाराजांचे पाय धरले, मग सटवाजीच्या ओंजळीने पाणी प्यायले. त्याच दिवशी ते रिकाम्या हातांनी ओढा ओलांडून गेले आणि बांधाचे भांडण बोलून मिटवून आले.

खंडेनवमीला भाले पूजेत आलेच नाहीत. पाटावर टाके घातलेला भाता मांडला होता. ते टाके येसाजीरावांनी स्वतः घातले होते, आणि त्यापुढे पहिले डोके टेकले तेही त्यांनीच.