सैल फणाची तिफण

डोंगरमाथ्यावरच्या एका गारठ्याच्या मुलखात फार पूर्वी तीन फणांनी बी पेरणारी एक तिफण होती. आदल्या वर्षी तिने घाईने सोयाबीन पेरलं आणि सगळं बी थंड मातीत कुजलं. तेव्हापासून पेरणीचं नाव काढलं, की तिच्या पोटात गोळा यायचा.

तिची मालकीण यमुनाक्का रोज अनवाणी पाय मातीत रोवून बघायची. एके सकाळी ती म्हणाली, "माती आता पायाला झोंबत नाही. चल बाई, पेरू या."

"आणि पुन्हा गारठा आला तर?" तिफणीला धडकीच भरली. तिने आपला एक फण हळूच सैल सोडला. अक्काने तो ठोकून बसवला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल! असे वीस दिवस गेले, तेव्हा कुठे पेरणी झाली.

रोपं बुटकीच राहिली. शेंगा धरल्या, पण दाणे भरायच्या आतच कडक हीव पडलं. शेजारच्या शेतात वेळेवर पेरलेलं पीक तोवर कापून खळ्यावर गेलं होतं.

हिवाने काळवंडलेली एक शेंग म्हणाली, "तिफणमावशी, आम्हाला एवढं का थांबवलंस?"

"तुमच्या काळजीपोटीच गं, पोरी."

शेंग थरथरत म्हणाली, "मातीने तर कधीच ऊब धरली होती, मावशी. मग गारठा होता कुणाच्या पोटात?"