तणमोराची जागा

एकदा एक मंडळ होते. त्याला पाटी नव्हती, खोली नव्हती, बसायला सतरंजीही नव्हती. तालुक्याच्या गावातली आणि आसपासची छायाचित्रांची हौस असलेली माणसे फोनमध्येच जमत आणि आपापली छायाचित्रे एकमेकांना दाखवत. सण, देवळे, किल्ले, बाजार, नातवंडे असे सारे तिथे असे. मंडळाला दार नव्हते, पण दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे बारीक करून पाहणारे मात्र पुष्कळ होते.

त्याला कारणही घडले होते. एका सभासदाने कुठल्याशा परदेशी किनाऱ्यावरचा सूर्यास्त आपल्या कोकणातला म्हणून टाकला आणि भरपूर वाहवा मिळवली. पुढे लबाडी उघडी पडली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. या मंडळाने तर पाणीसुद्धा फुंकायला सुरुवात केली. प्रत्येक छायाचित्राखाली एक चौकट आली: ‘जागा’. छायाचित्र कुठे काढले ते तिच्यात लिहायचे. चौकट रिकामी ठेवली तर छायाचित्र पुढे सरकतच नसे. ज्याने ही व्यवस्था बनवून दिली तो गृहस्थ नंतर परदेशी गेला, त्यामुळे ती बदलणे कोणाला जमेना आणि बदलावी असे कोणाला वाटेना. हळूहळू मंडळाची रीतच पडली. कोणी काही दाखवले की ‘छान’ म्हणण्याआधी लोक ‘कुठे?’ म्हणत. एका बारशाच्या छायाचित्राखालीही ‘कुठे?’ असे विचारलेले मी पाहिले आहे.

मंडळाचा कारभार टायरच्या एका व्यापाऱ्याकडे होता. सगळे त्याला शेठ म्हणत. ओल्या मातीतला नुसता माग पाहून टायर कोणत्या गाडीचे आणि कुठल्या कडेने झिजलेले, हे तो सांगत असे आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. माणसांकडे पाहतानाही तो तोंडाआधी मागच पाही.

याच मंडळात एक वृद्ध गृहस्थ होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, म्हणून मास्तर. त्यांनी एके दिवशी विनंती केली, ‘‘आपल्याकडे पशुपक्ष्यांना, गवताला, किड्यामुंग्यांना दालन नाही. त्यांनाही थोडी जागा द्या.’’

शेठ म्हणाला, ‘‘मास्तर, त्या धंद्यात लबाडी फार. किडा फ्रीजमध्ये ठेवतात आणि गारठला की पानावर बसवतात. घुबडापुढे पांढरा उंदीर सोडतात. पिंजऱ्याच्या जाळीला लेन्स टेकवायची आणि म्हणायचं, जंगलात गेलो होतो. आम्ही काय दूधखुळे आहोत?’’

‘‘खरं आहे तुमचं. म्हणून तर उघड्यावर आणा. दालन असलं की तपासणारे डोळेही तयार होतील.’’

बऱ्याच कुरबुरीनंतर दालन उघडले, पण अट घालून. त्या दालनात एक जरी खोटे सापडले, तरी दालन बंद आणि मास्तर मंडळाबाहेर. तपासणीचे काम बँकेत नोकरी करणाऱ्या एका सभासद बाईंकडे दिले. त्या मास्तरांच्याच शिष्या. कॅमेरा हातात कसा धरावा इथपासून सारे त्यांच्याकडून शिकलेल्या. शिष्येकडे गुरूची तपासणी द्यावी, यातही शेठचा हिशेब होताच. ती पाठीशी घालते का, हेही पाहता येणार होते.

दालन चांगले चालले. मास्तरांच्या कुंडीतली गोगलगाय आली, गच्चीवरचा शिक्रा आला, आजवर एकही छायाचित्र न टाकलेल्या एका आजींनी आपल्या परसातला सरडा टाकला. आणि आषाढ सरताना मास्तरांनी एक छायाचित्र ठेवले. हिरव्या गवतावर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर उडी घेतलेला तणमोर. डोक्यामागचे तुरे ताणलेले, पाय पोटाशी घेतलेले. मादीला बोलावण्यासाठी नर अशी उडी घेतो. हा पक्षी आता इतका विरळ झाला आहे की अनेकांनी तो पहिल्यांदाच पाहिला. खाली ‘जागा’ या चौकटीत लिहिले होते: जुन्या वीटभट्टीमागचे रान.

रविवारी पहाटे निम्मे मंडळ वीटभट्टीमागे. शेठची गाडी सर्वांत पुढे. कोणी झुडपे मोडून आडोसा केला, कोणी फोनवर तणमोराचा आवाज लावला. दुपारपर्यंत एका टिटवीच्या कलकलाटाखेरीज तिथे काही हाती लागले नाही. परतीच्या वाटेवरच कुजबुज सुरू झाली. ‘फोटो दुसऱ्याचा असणार.’ ‘वय झालं, पण वाहवा सुटत नाही.’ ‘तो गोगलगायीचा तरी कुठला होता, कोण जाणे.’

शेठने जाहीर केले की पुढच्या रविवारी निर्णय होईल आणि तपासणाऱ्या बाई सांगतील ते प्रमाण.

बाईंना त्या आठवड्यात जेवण गोड लागले नाही. त्यांना एक गोष्ट दिसली होती, जी इतरांना दिसली नव्हती. छायाचित्रातले गवत मारवेल आणि कुसळीचे होते. वीटभट्टीमागे गाजरगवत आणि विलायती बाभळीखेरीज काही उगवत नाही. म्हणजे जागा खोटी होती, यात शंका नव्हती. आणि संशयाचे असे आहे की तो एका खोलीत राहत नाही, घरभर फिरतो. मास्तरांनी आजवर दाखवलेले एकेक छायाचित्र त्या पुन्हा काढून पाहू लागल्या. हा बगळा खरा का? हे दव खरे का, की फवारा मारला? ज्यांच्या डोळ्यांनी आपण पाहायला शिकलो त्यांच्यावरच डोळा ठेवावा लागतो, याचे त्यांना रडू आले.

शनिवारी त्या मास्तरांच्या घरी गेल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, ‘‘सर, ती जागा खोटी आहे.’’

‘‘हो,’’ मास्तर म्हणाले.

त्यांनी नाकारले असते तर बरे झाले असते, असे बाईंना वाटले. ‘‘आणि फोटो?’’

‘‘तो खरा. मूळ फाइल बघ, आधीच्या-नंतरच्या सगळ्या बघ. तुझं कामच आहे ते.’’

बाईंनी पाहिले. उडीच्या आधीची, उडीची, नंतर गवतात उतरतानाची, सगळी छायाचित्रे ओळीने होती. छायाचित्र मास्तरांचेच होते. पण त्यामुळे कोडे सुटण्याऐवजी घट्ट झाले. ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने खोटे का बोलावे?

‘‘उद्या मला खरं सांगावं लागेल, सर. दालन जाईल. तुम्ही जाल.’’

‘‘सांग की. पण आधी चल, आपण वीटभट्टीवर जाऊन येऊ.’’

‘‘तिथे कशाला? तिथे तर काहीच नाही.’’

‘‘म्हणून तर ती लिहिली,’’ मास्तर म्हणाले आणि चपला घालू लागले.

वीटभट्टीमागे विटांच्या तुकड्यांचे आणि खडीचे उघडे रान होते. ओल्या मातीत गाड्यांचे माग खोल रुतले होते, मोडलेल्या फांद्या वाळत पडल्या होत्या. बाई दोन पावले पुढे गेल्या तोच टिटवीने कल्लोळ केला. ती डोक्यावरून गेली, पलीकडे उतरली, वाकून पळाली आणि एका खळग्यात अंग फुगवून बसली, जणू काही पोटाखाली घेतले आहे. बाईंनी कॅमेरा सावरला आणि तिकडे धाव घेतली. टिटवी उठली, खळगा रिकामा. ती आणखी पुढे जाऊन बसली. बाई तिथेही गेल्या. तिथेही काही नाही. घामाघूम होऊन त्या मागे वळल्या.

मास्तर जागचे हलले नव्हते. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. ‘‘हळू ये. मी सांगतो तिथेच पाय ठेव.’’

त्यांच्या पायांपासून थोड्या अंतरावर, खडीत खडीच्याच रंगाची चार अंडी होती. गाडीच्या चाकाचा माग त्यांच्यापासून वीतभर अंतरावरून गेला होता.

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. मास्तरांनी त्यांना लांब नेले. टिटवी परत येऊन अंड्यांवर बसली, तेव्हा ते बोलले.

‘‘ती तुला दोनदा फसवून गेली. लबाड म्हणशील तिला?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘मीही तेच करायला गेलो. तणमोराच्या रानात तुम्ही सगळे गेला असतात, तर त्याने उडी थांबवली असती, आणि नराने उडी थांबवली की पुढचं सगळंच थांबतं. मला खोटं बोलायचं नव्हतं ग, मला गप्प बसायचं होतं. पण तुमच्या चौकटीत गप्प बसायला जागा नव्हती. म्हणून रिकामी समजून ही जागा लिहिली.’’ ते थांबले. ‘‘आणि बघ, इथेही कोणीतरी होतंच. टिटवीला आपलं रान ठाऊक होतं म्हणून तिचं खोटं नीट साधलं. मला ठाऊक नसलेल्या रानाबद्दल मी बोललो. रिकामी जागा म्हणून काही नसतं. वन्य जिवांना मंडळात जागा द्यायची, तर आधी न सांगण्याला जागा द्यायला हवी. ते मी तुम्हाला सरळ सांगायला हवं होतं. चुकलो.’’

परतताना मास्तर म्हणाले, ‘‘तुला खरी जागा सांगू? तपासणीला लागेल.’’

सकाळी आल्या तेव्हा बाईंना तेच हवे होते. आता मात्र त्यांनी मान हलवली. ‘‘नको, सर,’’ त्या म्हणाल्या.

त्या थेट शेठच्या दुकानात गेल्या. वीटभट्टीवरून निघण्यापूर्वी लांबून, झूम करून त्यांनी एकच छायाचित्र घेतले होते, टिटवी क्षणभर उठली तेव्हाचे. कॅमेऱ्याचा पडदा त्यांनी शेठपुढे धरला. ‘‘शेठ, हा माग कोणाचा?’’

शेठने चष्मा कपाळावर चढवला. ‘‘हे काय विचारणं झालं? आमच्याच गाडीचा. पुढचं डावं. बाहेरच्या कडेनं खाल्लंय, अलाइनमेंट करायची राहिलीय. मास्तरांनी पाठवलं का तुम्हाला? काय शिजतंय तुमचं?’’

‘‘आणि त्याच्या कडेला?’’

‘‘दगड.’’

‘‘नीट बघा.’’

शेठ संशयाने त्यांच्याकडेच पाहत राहिला. मग त्याने चित्र मोठे केले. माग वाचणारा माणूस तो; त्याला फार वेळ लागला नाही. ‘‘टोकं सगळी आतल्या बाजूला आहेत,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘दगड असे बसत नाहीत.’’ त्याने पडद्यावर माग आणि अंडी यांमध्ये बोट ठेवले. बोटाच्या दोन्ही बाजूंना फारसे काही उरले नाही. आत टायरमध्ये हवा भरणाऱ्या यंत्राचा आवाज चालू होता. शेठने ते बंद करायला सांगितले.

‘‘ताई, ती आहेत ना अजून?’’

‘‘आज सकाळी होती.’’

‘‘आणि मास्तरांचा तो फोटो?’’

‘‘फोटो खरा, मी तपासला. जागा खोटी. खरी जागा मला माहीत नाही. ते सांगत होते, मी ऐकली नाही.’’

रविवारी सगळे फोनसमोर बसले. बाईंनी फोटो आणि जागेबद्दल शेठला जे सांगितले होते तेवढेच शब्दशः सांगितले. एकच गिल्ला झाला. तेव्हा शेठ म्हणाला, ‘‘जागा खोटी होती, ती मास्तरांची चूक, आणि ती त्यांनी मान्य केली आहे. अट मी घातली होती, ती मीच मागे घेतो. दालन राहील, मास्तरही राहतील. खरी जागा कोणी विचारायची नाही.’’

आता सगळ्यांचे डोळे शेठवर बारीक झाले. ‘याला एकट्याला जागा सांगितली असणार.’ ‘हे गुपचूप जाऊन फोटो काढणार.’ ‘बाईही सामील दिसतात.’ आयुष्यभर दुसऱ्याचे माग काढणाऱ्या माणसाला आपल्या मागे चालणारी पावले पहिल्यांदाच ऐकू आली. उत्तर तोंडावर होते. वीटभट्टीचे नाव घेतले, अंड्यांबद्दल सांगितले, की तो तिथल्या तिथे निर्दोष ठरला असता. पण सोमवारी सकाळी निम्मे मंडळ अंडी पाहायला गेले असते. शेठने ओठ मिटले ते मिटलेच.

‘‘मग त्या चौकटीत लिहायचं काय?’’ कोणीतरी तिरकसपणे विचारले. ‘‘रिकामी ठेवली तर फोटो पुढे जात नाही.’’

त्या दिवशी यालाही उत्तर मिळाले नाही.

श्रावणात एके सकाळी त्या दालनात शेठचे पहिलेच छायाचित्र आले. रस्त्यावर उभ्या गाडीच्या खिडकीतून, फार लांबून काढलेले. थोडे हललेले, रचना म्हणून काही नाही. खडीच्या रानात एक टिटवी, आणि तिच्या पायांपाशी काडीसारख्या पायांची चार पिल्ले. तीही शोधावी लागत. सवयीने खाली प्रश्नांची रांग लागली. ‘कुठे?’ ‘शेठ, कुठे?’

मास्तरांनी ते छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि मग खालची चौकट वाचली. वाचून ते मोठ्याने हसले आणि शिष्येला फोन करून म्हणाले, ‘‘अग, एवढी वर्षं शिकवलं, पण हे मला सुचलं नाही.’’

‘जागा’ असे छापलेल्या त्या चौकटीत शेठने एकच शब्द लिहिला होता.

‘आहे.’