हार कुठं घालायचा?

“समोरून एकसुद्धा नाही?” दस्तगीर मास्तरांनी विचारलं.

“नाही, मास्तर.”

“चेहरा दिसतोय असा?”

“...नाही.”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. समोरच्या टेबलावर निवासनं फोटोंची चळत ठेवली होती. जाड कागदावरचे मोठाले काळेपांढरे फोटो, एकाहून एक देखणे. सगळे त्याच्या आईचे.

एकात आई उंबऱ्यावर पाठमोरी उभी. एकात चुलीपुढं वाकलेली, नुसती सावलीच. एकात पीठ मळणारे दोन हात तेवढे. एकात ओल्या केसांचा अंबाडा. आणि एकात वाळत घातलेल्या लुगड्याच्या पलीकडं बाईचा आकार... ती हौसाबाई आहे हे सांगितलं तरच कळणार.

हौसाबाईंना जाऊन अकरा दिवस झाले होते. उद्या उत्तरकार्य. पैपाव्हणे यायचे होते, पाटावर फोटो ठेवायचा होता, हार घालायचा होता. आणि ज्याचे फोटो शहरात माणसं रांग लावून बघायला येतात, त्या लेकाच्या घरात आईचा भिंतीला लावण्यासारखा एक फोटो निघू नये! गल्लीतल्या बायकांना हे कळलं तेव्हा त्यांनी तोंडाला पदरच लावला.

सकाळी हिराआत्तीनं ही सगळी चळत वरून खाली, खालून वर बघितली होती. बघून झाल्यावर तिनं पाठमोरा फोटो उचलून सगळ्यांना दाखवला.

“हा लावू भिंतीला? आणि हार कुठं घालायचा रे, अंबाड्याला?”

कोपऱ्यात कुणीतरी खुसकन हसलं. मग आत्तीच रडायला लागली.

“वहिनीचं तोंड कुठं आहे, निवास? तोंड कुठं ठेवलंस तिचं?”

ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून बघितला. त्यातून कुणी भलतीच भेदरलेली बाई बाहेर आली. लग्नांचे अल्बम धुंडाळले, तर हौसाबाई जिथं तिथं पंगतीत वाढताना, मान खाली. भाच्यांनी आपापले मोबाइल चाळले. पण मोबाइल समोर आला की हौसाबाई पदर ओढून घ्यायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “माझा फोटू निवास काढतो,” असं म्हणायच्या. ठसक्यात म्हणायच्या.

शेवटी शेजारच्या काकूंनीच तोंड उघडलं. “अरे, मास्तरांकडं जा की. गावात ज्याचं तोंड कुठं सापडत नाही, ते मास्तरांकडं सापडतंय.”

सगळ्यांनी निवासकडं बघितलं. निवासनं जमिनीकडं बघितलं.

मास्तरांचं फोटोचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, घरापासून चालत पाच मिनिटांवर. पण सतरा वर्षांत त्यानं त्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. दिवाळीला गावी आला तरी पिठाच्या गिरणीवरून वळसा घालून जायचा.

तीन वर्षं तो ह्याच दुकानात शिकला. शिकला म्हणजे काय, तर माणसं स्टुलावर बसवली. मागं निळा पडदा, पुढं स्टूल, आणि स्टुलावर जो येईल तो. शाळेच्या फॉर्मसाठी पोरगा, स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी मुलगी, पेन्शनसाठी म्हातारा. मास्तरांचा एक नेम होता. माणूस बसला की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आधी नाव विचारायचं, मग गाव विचारायचं, मग काहीतरी असं विचारायचं की त्याला उत्तर द्यावंसं वाटेल. म्हशीचं, नातवाचं, गुडघ्याचं. आणि उत्तर ओठावर आलं की बटण.

निवासला ह्याचा वीट आला होता.

“मास्तर, माझी अशी शैली कधी येणार?” तो दर आठ दिवसांनी विचारायचा.

“येईल की. मिशी आली तशी येईल. रोज आरशात बघून मिशी लवकर येते का?”

एक दिवस त्यानं विचारायचं सोडलं आणि सांगायला सुरुवात केली. “मास्तर, तुमचे सगळे फोटो सारखेच. माणूस समोर बसलाय आणि समोर बघतोय. त्यात तुमचं काय? खाली नाव लिहिलं नाही, तर कुणाला कळेल, हा दस्तगीर मास्तरांचा म्हणून?”

मास्तर तेव्हा पडद्याला पडलेली चुणी हातानं सारखी करत राहिले होते.

निवास त्याच आठवड्यात शहरात गेला. आणि पहिल्याच वर्षी त्याचा उंबऱ्यावरच्या पाठमोऱ्या आईचा फोटो गाजला. पेपरात आला, बक्षीस मिळालं. कुणीतरी मोठ्या माणसानं लिहिलं, की ह्या तरुणाला स्वतःची दृष्टी सापडली आहे.

सापडली म्हटल्यावर ती जपायला नको?

त्यानं जपली. सतरा वर्षं जपली.

मास्तर अजून फोटो बघत होते. एकेक फोटो दोन्ही हातांनी उचलून, उजेडाकडं धरून. उरकायची घाई नव्हती.

“देखणे आहेत रे,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच निवासला ते जास्त लागलं.

“ह्यात हौसाक्का वळून बघत नव्हत्या का कधी?”

“बघायची.”

“मग?”

बाहेर गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज लांब जाईपर्यंत दोघंही थांबले.

“मीच म्हणायचो... आई, इकडं बघू नको.”

“हं.”

“ती वळायची. हसायची. मग मी ओरडायचो, बिघडला म्हणून. मग ती परत पाठ करायची. एकदा म्हणाली, माझी पाठ जग फिरून आली बाबा, तोंड मात्र हितंच चुलीपाशी राहिलं. मी हसलो. प्रदर्शनाच्या भाषणात सांगितलं ते. तिथं पण सगळे हसले.”

“आणि चेहरा का नको होता तुला?”

“चेहरा आला की फोटो माझा वाटायचा नाही, मास्तर. तसला कुणीही काढला असता.”

मास्तरांनी शेवटचा फोटो चळतीवर ठेवला. चारी कडा जुळवल्या.

“आणि आज कुणीही काढलेला एक पाहिजे,” ते म्हणाले.

निवासनं मान खाली घातली. दशक्रियेला केस उतरवलेलं डोकं, त्यावर नुकते फुटलेले खुंट. मास्तरांना त्याची दया आली असावी. ते उठले, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले.

निवास एकटाच राहिला. समोर भिंतीवर गावातली माणसं ओळीनं लावलेली होती. सकाळपासून फोटो शोधत तो दहा घरं हिंडला होता. प्रत्येक घरात दाराच्या वर कुणी ना कुणी गेलेलं माणूस होतं, आणि दारातूनच त्याला कळत होतं, हा मास्तरांचा. फोटो उलटून मागचा शिक्का बघायची गरज पडली नव्हती. ती माणसं आता काहीतरी सांगणार आहेत असं वाटायचं. कासाराच्या म्हातारीपुढं तर तो चक्क थांबला होता, ती काय म्हणते ते ऐकायला.

हे त्याला मास्तरांना सांगायचं होतं. कुठल्या तोंडानं सांगणार?

आत पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कागदांची सळसळ... मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळा पडलेला एक लिफाफा होता.

तो त्यांनी निवासपुढं ठेवला. वर मास्तरांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ‘हौसाबाई. निवासनं मागितला तर.’

निवासनं तो उघडला नाही. त्या अक्षरांकडंच बघत राहिला.

“हे कधीचं?”

“बारा वर्षं झाली.”

“कशासाठी आली होती? पेन्शनसाठी?”

“कशासाठी म्हणून नाही. चांगलं हिरवं लुगडं नेसून आल्या. म्हणाल्या, माझ्या पोराकडं माझं तोंड नाही, तेवढं काढून ठेवा. मी म्हटलं, पोस्टानं पाठवू? तर नको म्हणाल्या. घरी न्या म्हटलं, तरी नको.”

“का?”

“म्हणाल्या, दिला तर तो ठेवून देईल कुठंतरी. त्याला हवासा वाटला की तो मागेल. मागितला तर द्या, आपणहून देऊ नका. दर दिवाळी झाली की यायच्या. पायरीवरूनच विचारायच्या, आला होता का हो?”

निवासचे हात टेबलावरच राहिले.

“आणि तुम्ही काय सांगायचा?”

“खरं ते सांगायचो.”

“मी गिरणीवरनं जायचो, मास्तर...”

“माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं.”

मास्तरांनी माठातून तांब्या भरून आणला. निवास प्यायला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं लिफाफा उघडला.

आई त्याच्याकडं बघत होती.

सरळ, समोरून. कपाळावरचं गोंदण, डाव्या भुवईवरचा लहानपणी पडल्याचा वण... हा वण तो विसरूनच गेला होता. वय झालेलं, उन्हानं रापलेलं तोंड, आणि ओठ जरासे विलगलेले. आता बोलणार.

निवासनं फोटोवरून नजर न काढता विचारलं.

“काय विचारलं होतं तुम्ही तिला?”

“तुझंच की. म्हटलं, निवास वेळेवर जेवतो का हो?”

“मग काय म्हणाली?”

“बटण दाबलं ना मी. मग त्या बोलल्या, पण तेव्हा मी फिल्म पुढं सरकवत होतो. नीट ऐकलं नाही.” मास्तरांनी कपाळ चोळलं. “ते ऐकायला पाहिजे होतं. चुकलंच माझं.”

निवास रडला. मोठ्यानं नाही. बायका रडतात तसं मोकळं त्याला येत नव्हतं. खोकल्यासारखं काहीतरी येत होतं. मास्तर शेजारी बसून राहिले. पाठीवर हात ठेवला नाही, काही समजावलं नाही. एक गिऱ्हाईक दारात आलं. त्यांनी नुसत्या मानेनं त्याला ‘उद्या’ म्हणून सांगितलं.

मग निवासनं तोंड पुसलं. फोटो लिफाफ्यात घातला, लिफाफा सदऱ्याच्या आत घातला. बाकीची चळत टेबलावरच राहिली.

“येतो मास्तर. फ्रेमवाल्याकडं जायला पाहिजे.”

“थांब जरा.”

मास्तर खुर्ची सारून उठले. सावकाश चालत निळ्या पडद्यापुढं गेले आणि स्टुलावर बसले. टोपी नीट केली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

निवासला कळेना.

“माझा काढ एक,” मास्तर म्हणाले.

“आत्ता?”

“मग कधी? तू परत सतरा वर्षांनी येणार. मी काय तोवर इथं बसून राहतोय?”

“तसं नाही, मास्तर...”

“गावातल्या सगळ्यांना ह्या स्टुलावर बसवलं. मला बसवणारा कुणी राहिला नाही. थोरली लेक, शमीम, परवा फोनवर म्हणत होती, अब्बा, आमच्याकडं तुमचा एकपण नाही.”

निवासनं खांद्यावरच्या पिशवीतून कॅमेरा काढला. घरात सुतक असतानाही पिशवी त्याच्या खांद्यावरच होती, त्यावरूनही आत्तीनं सकाळी ऐकवलं होतं. कॅमेरा हातात आला आणि हात आपले आपणच कामाला लागले.

तो डावीकडं सरकला. तिथून मास्तरांचा अर्धा गाल उजेडात येत होता, अर्धा अंधारात. छान होतं. तो मागं मागं दारापर्यंत गेला. तिथून मास्तर एवढेसे, आणि भोवती मोठा रिकामा पडदा. तेही छान होतं. मग तो वाकला, बाजूला गेला. तिथून चौकटीत मास्तर येतच नव्हते. पडद्यावर पडलेली टोपीची, नाकाची सावली तेवढी दिसत होती. ती सर्वांत छान होती.

त्यानं डोळा कॅमेऱ्याला लावला. बोट बटणावर ठेवलं.

काढलं.

परत ठेवलं.

मास्तर बसून होते. हलले नाहीत. कुठं बघायचं हे कुणीतरी सांगेल म्हणून माणसं बसतात, तसे बसून होते.

निवासनं कॅमेरा खाली घेतला. छातीशी लिफाफा टोचत होता. काहीतरी विचारायला पाहिजे, एवढं त्याला आठवत होतं. काय विचारायचं ते सुचेना. तो तसाच कडेला उभा राहिला, भिंतीला पाठ लावून.

“मास्तर... जरा खिडकीकडं बघता का?”

“खिडकी मी रोजच बघतो,” मास्तर म्हणाले. “तू कुठं आहेस?”